रेटा अक्षर आणि टिटवीची चार अंडी

एका जंगलात एक पेंटर राहत होता.

हसू नका बाळांनो. वाघ बोलतो, ससा शहाणपण शिकवतो, हे तुम्हाला चालतं. मग पेंटरनं काय घोडं मारलंय?

तर हा पेंटर म्हणजे एक साळिंदर होतं. त्याचं नाव नारोबा. पाठीवरचा एक काटा उपटायचा, टोक चावून मऊ करायचं, काजळ आणि डिंकाच्या शाईत बुडवायचं आणि फळीवर लिहायचं, हा त्याचा धंदा. ब्रश घरचाच असल्यामुळे तो कधी हरवत नसे. उपटताना दुखायचं तेवढं दुखायचं.

नारोबाच्या वडिलांनी मरताना त्याला एकच गोष्ट सांगितली होती. "नारू, पाटी बघणारा आधी अक्षर बघतो. शब्द मागाहून. तेव्हा त्याचा पाय थांबायला हवा की उचलायला हवा, ते आधी ठरव. मगच काटा उपट."

नारोबानं हे मनावर घेतलं. खानावळीच्या पाटीला त्यानं गोल, पोट सुटलेली अक्षरं दिली. वैद्यबुवा बगळ्यांच्या पाटीला लांब मानेची, शांत अक्षरं दिली. मसणवाटेच्या पाटीवर तर दोन अक्षरांत एवढी जागा सोडली, की वाचता वाचता माणूस, म्हणजे प्राणी, आपोआप हळू चालायला लागे.

त्याचं सगळ्यात लहान काम टिटवीचं असे. टिटवीचं नाव तानूबाई. टिटवी समुद्र आटवते अशी एक म्हण तुमच्या पुस्तकात असेल. ती खोडून टाका. आमच्या तानूबाईला स्वतःची चार अंडी सांभाळता सांभाळता नाकी नऊ येत. कारण टिटवी घरटं बांधत नाही. नदीच्या पात्रात, उघड्या वाळूवर, गोट्यांमध्ये अंडी घालते. ती अंडी हुबेहूब गोट्यांसारखी दिसतात. त्यामुळे साप फसतो, घार फसते. पण पाणी प्यायला आलेला रेडाही फसतो, आणि रेड्याच्या पायाला चूक दुरुस्त करता येत नाही.

म्हणून दर वर्षी नारोबा तिला वडाच्या पानाएवढी पाटी करून देई. बारीक काट्यानं, सरळ उभ्या अक्षरांत तो लिही: "जरा थांबा. इथे वाळूत चार अंडी आहेत. बाजूने गेलात तर बरं होईल."

अक्षर इतकं बारीक, की वाचायला थांबावंच लागे. थांबलं की कळे. कळलं की प्राणी बाजूनं जात. एवढं सोपं होतं ते.

आता गोष्ट बिघडवू.

एका वर्षी यात्रेतल्या कुस्त्यांची पाटी करायची होती. नारोबानं आठ दिवस विचार केला. मग सात काटे एकत्र बांधून त्यानं एक नवंच अक्षर काढलं. ते खूप जाड होतं. वरची रेघ ओंडक्यासारखी. प्रत्येक कान्याच्या पायाशी चौकोनी ठोकळा. आणि सगळं अंग पुढे झुकलेलं, सलामी देऊन पैलवान पकडीला येतो तसं. नारोबानं त्याचं नाव ठेवलं 'रेटा'.

पाटीवर दोनच शब्द होते: "कुस्त्या! या!"

बाळांनो, जंगल लोटलं. ज्यांना कुस्ती कळत नव्हती तेही आले. गोगलगाय तीन दिवस आधी निघाली आणि वेळेवर पोचली. बघ्यांच्या वजनानं वडाच्या दोन फांद्या मोडल्या.

नारोबा मात्र घरी जाऊन बायकोला म्हणाला, "हे अक्षर वर्षातून एकदाच काढायचं. मोठ्या पाटीवर, दोन-तीन शब्दांपुरतं. ते ओरडतं गं. ओरडणाऱ्याला रोज घरात ठेवत नाहीत."

बायको म्हणाली, "मला काय सांगता? तुमची आई इथंच राहायची की."

त्या गर्दीत जंगलाचे राजे सिंहमहाराजही होते. ते कुस्ती न बघता गर्दीच बघत होते. त्यांच्या दरबाराची पाटी नारोबानंच केली होती, भारदस्त, सरळ अक्षरांत. पण दर गुरुवारी दरबाराला फक्त दोन घुबडं येत, आणि तीही झोपायला.

महाराजांनी आपल्या प्रसिद्धीप्रमुखांना विचारलं. प्रसिद्धीप्रमुख म्हणजे तरस. त्यांचं नाव हसेराव. महाराज काहीही बोलले तरी ते हसत, एवढ्याच पात्रतेवर त्यांना ही जागा मिळाली होती.

"हसेराव, कुस्तीत असं काय आहे, जे आमच्यात नाही?"

"महाराज," हसेराव खिदळत म्हणाले, "गुण कुस्तीचा नाही. गुण अक्षराचा आहे."

महाराजांना हे एकदम पटलं. जे ऐकायला सोयीचं असतं ते राजांना एकदम पटतं.

दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला. आजपासून जंगलात जे काही लिहिलं जाईल ते रेट्यातच. दुसरं अक्षर काढणाऱ्याच्या पाठीवरचे सगळे काटे उपटले जातील. जंगलात काटे असलेला पेंटर एकच होता, त्यामुळे हुकूम कुणासाठी आहे हे विचारायची गरज पडली नाही.

नारोबा दरबारात गेला. "महाराज, हे यात्रेच्या पाटीचं अक्षर आहे. बारीकसारीक मजकुराला ते चालत नाही. लहान काढलं की त्याची पोटं शाईनं भरतात आणि डाग पडतो नुसता."

"मग लहान काढू नकोस," महाराज म्हणाले.

"आणि ते पुढे झुकलेलं आहे, महाराज. बघणाऱ्याला वाटतं, चला."

"छान! चलाच वाटलं पाहिजे. आमचं जंगल पुढे चाललंय."

हसेराव एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

मग काय, सगळं जंगल तिरकं झालं. महाराजांच्या वाढदिवसाला झाडागणिक एक फलक लागला. फलकावर महाराजांचं चित्र, खाली रेट्यात शुभेच्छा, आणि त्याखाली सत्तावीस शुभेच्छुकांची तोंडं. शुभेच्छुकांत तीन जण असे होते ज्यांना महाराजांनी मागच्या महिन्यातच खाल्लं होतं. त्यांच्या घरच्यांनी हौसेनं तोंडं दिली होती.

म्हातारा हत्ती वारला. "दुःखद निधन!" अशी पाटी रेट्यात लागली. लोक नटूनथटून आले आणि जेवण कुठं आहे ते विचारू लागले.

वैद्यबुवा बगळ्यांना औषधाची चिठ्ठी रेट्यात लिहावी लागली. पानावर चार काळे ठिपके उमटले. अस्वलाला आला होता खोकला, मिळाला जुलाब. रेडा नुसता सोबत म्हणून गेला होता, त्यालाही एक पुडी मिळाली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं आपण म्हणतो. इथं रेड्याला रोगही नव्हता.

एका तित्तिरानं आपल्या तित्तिरीला पत्र लिहिलं, "तुझी आठवण येते." फळी दोन हात रुंद होती आणि अक्षरं अंगावर येत होती. तित्तिरीनं त्याच दिवशी बिऱ्हाड हलवलं.

पण खरी गंमत पुढेच आहे. हळूहळू जंगलानं वाचणंच सोडून दिलं. रेटा दिसला की काहीतरी आहे, एवढं त्यांना कळे. अक्षर ज्या बाजूला झुकलेलं, त्या बाजूला सगळे पळत. पोचल्यावर काय आहे ते बघत. काही नसलं तरी चार ओळखीचे भेटत, वेळ बरा जाई.

नारोबाची पाठ मात्र उजाड होत चालली. रेट्याच्या एका पाटीला सात काटे लागत आणि एका पाटीतच ते झिजून जात. काटे नसलेलं साळिंदर म्हणजे बिबट्याची न्याहारी. बायको रोज त्याच्या पाठीवरचे काटे बघे आणि भाकरी थापायला बसे.

अशात तानूबाईनं अंडी घातली. यंदाही चार.

ती नारोबाकडे आली. "नारूभाऊ, माझी नेहमीची पाटी."

"तानूबाई, आता नेहमीचं काही उरलं नाही बघ. रेट्यातच काढावी लागेल."

"मग काढ. मला काय, अंडी वाचल्याशी मतलब."

नारोबानं काढली. रेट्यात एवढा मजकूर मावेना, म्हणून तीनच शब्द घेतले: "थांबा! पुढे अंडी!" पाटी तानूबाईच्या दसपट झाली. ती वाळूत रोवली तेव्हा तिची सावली अंड्यांवर पडली, आणि तानूबाईला तेवढंच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलगाईंचा कळप पाण्यावर आला. त्यानं लांबून पाटी बघितली आणि तो पळतच सुटला. तानूबाई पंख पसरून आडवी आली, ओरडली, नीलगाईंच्या पोटाखालून उडाली. कळप निघून गेला तेव्हा वाळूवर तीन अंडी होती. चौथ्या जागी ओला डाग होता.

तिनं मागे राहिलेल्या एका नीलगाईला गाठलं. "मेले, तुला वाचता येत नाही?"

"येतं की."

"काय लिहिलंय?"

"थांबा."

"मग थांबली का नाहीस?"

नीलगाईनं पाटीकडे नीट बघितलं. "अगं, पण ते अक्षर बघ ना. ते स्वतःच पळत सुटलंय. ते थांबत नाही, मग मी कशाला थांबू?"

ती वाईट नव्हती, बाळांनो. तिला खरंच वाईट वाटलं. जाताना ती तानूबाईला म्हणाली, "पुढच्या वेळी अजून मोठी लाव."

तानूबाई पुन्हा नारोबाकडे गेली. या वेळी ती बसली नाही.

"परवा महाराजांच्या राज्याला पंचवीस वर्षं होतायत. मिरवणूक नदीच्या पात्रातून जाणार. हत्ती, गवे, रेडे, सगळे. माझी तीन आहेत अजून. आतून टकटक ऐकू येतंय. चार दिवसांत पिल्लं बाहेर येतील. चारच दिवस हवेत मला."

"अंडी हलव."

"तू आईला विचारतोयस की हमालाला? टिटवीला अंडी उचलता येत नाहीत, नारोबा."

नारोबानं पाठीवरचे काटे चाचपले. मग म्हणाला, "सरळ अक्षर काढलं तर माझे उरलेले काटे जातील."

"किती उरलेत?"

"अकरा."

"माझी तीन," तानूबाई म्हणाली, आणि आली तशी उडून गेली.

नारोबानं बायकोकडे बघितलं. बायकोनं त्याच्या पाठीमागे जाऊन एक काटा निवडला, सगळ्यात बारीक. तो तिनं स्वतःच उपटला. "अकरानं काय वाचणार आणि दहानं काय मरणार?" ती म्हणाली. "सासऱ्यांनी काय सांगितलं होतं ते तुम्ही विसरला असाल. मी नाही विसरले."

मिरवणुकीच्या दिवशी पात्रात धुरळा उठला. पुढे रेडा चालत होता. त्याच्या शिंगांना साठ हात लांबीचा फलक बांधला होता: "महाराज! पुढे! पुढे!" मागे गवे, त्यांच्यामागे हत्तीवर महाराज, आणि हत्तीच्या शेपटीला धरून हसेराव. ढोल एवढे वाजत होते की कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. तानूबाई अंड्यांवर बसून राहिली होती. उडायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. आलाच पाय, तर चौघांवर मिळून येऊ दे.

रेडा दहा पावलांवर आला आणि थबकला.

वाळूत एक काडी रोवली होती. तिच्यावर वडाच्या पानाएवढी पाटी होती. पाटीवर काहीतरी बारीक, सरळ, उभं होतं. सहा महिन्यांत सरळ उभं राहिलेलं अक्षर त्यानं पाहिलं नव्हतं.

"हे काय असावं बुवा?" असं म्हणत तो वाकला. वाकल्याशिवाय ते दिसतच नव्हतं. त्याच्या शिंगांवरचा साठ हाती फलक धाडकन मागच्या गव्यांच्या डोक्यावर पडला. ढोल थांबले.

रेडा अडखळत वाचू लागला. त्याची सवय गेली होती. "ज-रा... जरा थां-बा. इ-थे वाळूत तीन अंडी आहेत. बा-जू-ने गेलात तर बरं होईल."

मग त्यानं तानूबाईकडे बघितलं. "अय्यो," तो म्हणाला, आणि बाजूला झाला.

मागच्या गव्याला वाटलं, रेड्यानं एवढं वाकून काय बघितलं? तोही वाकला. त्याच्यामागे तिसरा. बघता बघता सगळी मिरवणूक एका ओळीत उभी राहिली. प्रत्येक जण वाकून वाचत होता आणि चवड्यांवर बाजूनं जात होता. हत्तीनं तर श्वास रोखून धरला होता.

महाराज खाली उतरले. "काय खोळंबा आहे?" सगळ्यांनी पाटीकडे बोट दाखवलं. महाराजांचे डोळे अधू झाले होते. त्यांना गुडघे टेकावे लागले. आयाळ वाळूत लोळली. पंचवीस वर्षांत त्यांची मान कुणी वाकलेली पाहिली नव्हती. त्यांनी दोनदा वाचलं. मग ते उठले, आणि पंजे उचलून उचलून, मांजरासारखे, बाजूनं गेले.

खरं सांगतो, त्या वेळी मला महाराज फार आवडले. नंतर नाही.

चौथ्या दिवशी तीन पिल्लं बाहेर आली आणि वाळूत पळू लागली.

गोष्ट इथं संपली असती तर तुम्हाला एक छान धडा मिळाला असता. आवाज बारीक असला तरी खरं असेल तर जग थांबतं, वगैरे. तुमच्या गुरुजींनी तो फळ्यावर लिहून घेतला असता. पण महाराजांना त्या दिवसानंतर झोप लागेना.

त्यांनी हसेरावांना बोलावलं. हसेराव नारोबाचे काटे उपटायची पक्कड घेऊनच आले.

"ती पक्कड ठेवा खाली. मला सांगा, आमच्या साठ हाती फलकापुढे आजवर कुणी वाकलं नाही. मग त्या एवढ्याशा पाटीपुढे सगळे का वाकले? तिच्यात असं काय आहे, जे आमच्यात नाही?"

हसेरावांनी पक्कड पाठीमागे लपवली आणि ते खिदळले. "महाराज, गुण अंड्यांचा नाही. गुण अक्षराचा आहे."

महाराजांना एकदम पटलं.

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. आजपासून जंगलात जे काही लिहिलं जाईल ते बारीक, सरळ अक्षरांतच. आणि पाटी वडाच्या पानाएवढी.

नारोबा दरबारात गेलाच नाही. त्यानं घरी बसून एकेका काट्यानं पाट्या लिहिल्या आणि बाकीचे काटे वाढवले.

झाडागणिक वडाच्या पानाएवढे फलक लागले. "महाराज थोर आहेत. वाकून नमस्कार केलात तर बरं होईल." सत्तावीस शुभेच्छुक आता डाळीच्या दाण्याएवढे झाले. पहिले आठ दिवस सगळे वाकून वाचत होते. मग कंबरा धरल्या. मग कुणी वाकेना.

यात्रेत कुस्त्यांची पाटी लागली: "कुस्त्या आहेत. आलात तर बरं होईल." कुणी आलं नाही. दोन पैलवान एकटेच लढले. कोण जिंकलं ते सांगायला तिसरा नव्हता, म्हणून ते अजून भांडतात.

वर्ष फिरलं. तानूबाईनं पुन्हा चार अंडी घातली. नारोबानं न सांगताच पाटी करून दिली. तेच अक्षर, तोच मजकूर, तोच बारीक काटा. तिनं ती वाळूत रोवली आणि आजूबाजूला बघितलं. नदीचं अख्खं पात्र तसल्याच पाट्यांनी भरलं होतं. तिची त्यातली कुठली, हे क्षणभर तिलाही कळेना.

रेडा पाण्यावर आला. चांगला ओळखीचा रेडा. त्यानं पाट्यांकडे एक नजर टाकली, "असतील महाराज थोर," असं म्हणाला आणि सरळ चालत आला.

त्याचा पाय अंड्यांवर पडणार, तेव्हा तानूबाईनं गळा काढला.

तो तिनं अजून थांबवलेला नाही. नदीकाठी गेलात की ऐकू येतो. कुणी शंभर पावलांवर आलं, की ती डोक्यावर घिरट्या घालते आणि कानठळ्या बसेपर्यंत ओरडते. लोक म्हणतात, केवढा कर्कश पक्षी, जरा हळू बोलता येत नाही का हिला? येत होतं, बाळांनो. एकेकाळी ती फार हळू बोलायची, आणि "बरं होईल" असंही म्हणायची.

तात्पर्य: खरं बोलणाऱ्यानं अक्षर बारीक, सरळ आणि नम्र ठेवावं, मात्र ज्या वर्षी शेजारपाजारचे सगळे जाड अक्षरात ओरडत असतील, त्याच वर्षी अंडी घालावीत.